झोंबतं म्हणजे लागू पडतं? दाढीनंतरचं विच हेझल आणि तारापूरचा कामगार

दाढीनंतर लावलेलं पाणी गालावर झोंबलं की आपल्याकडे म्हणतात, ‘बघा, लागू पडतंय!’ ही समजूत साफ चुकीची आहे. झोंबणं म्हणजे त्वचेची तक्रार. पण याच समजुतीच्या जोरावर आता ‘विच हेझल’च्या बाटल्या खपत आहेत. पालघर-बोईसरची तरुण मुलं त्या ऑनलाइन मागवतात आणि मला विचारतात, “डॉक्टर, यातली कुठल्या कंपनीची चांगली?” माझं उत्तर त्यांना आवडत नाही. कंपनीचं नाव नंतर, आधी बाटलीत काय आहे ते वाचा. आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना ती बाटली लागतच नाही.

विच हेझल म्हणजे नेमकं काय?

हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात वाढणारं झुडूप. शास्त्रीय नाव हॅमामेलिस व्हर्जिनियाना. तिथले मूळ रहिवासी त्याची साल आणि काड्या उकळून त्वचेला लावत. एकोणिसाव्या शतकात कनेक्टिकट राज्यात त्याचा अर्क काढून विकणं सुरू झालं. सालीत टॅनिन नावाची तुरट द्रव्यं असतात. हिरडा चघळल्यावर तोंड आक्रसतं ना, तोच हा गुण.

खरी गोम पुढे आहे. बाजारात मिळणारं बरंचसं विच हेझल वाफेवर गाळून काढलेलं असतं. वाफेबरोबर टॅनिन वर येत नाही, ते जवळजवळ सगळं भांड्यातच राहतं. मग या पाण्यात साधारण 14 टक्के अल्कोहोल मिसळतात, ही अमेरिकेतली जुनी पद्धत. म्हणजे ‘झाडाचा गुण’ म्हणून गाल आवळल्यासारखा वाटतो, तो बरेचदा अल्कोहोलचा प्रताप असतो.

पुरावा काय सांगतो? उन्हानं लालसर झालेल्या त्वचेवर हॅमामेलिसच्या लोशनचा थोडा फायदा दिसल्याचे छोटे अभ्यास आहेत, ते मी नाकारत नाही. पण 1995 साली एक्झिमाच्या 72 रुग्णांवरचा जर्मन अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हॅमामेलिसचं क्रीम त्याच प्रकारच्या, औषध नसलेल्या साध्या क्रीमपेक्षा सरस ठरलं नाही. जे काम साधं क्रीम करतं, त्यासाठी परदेशी झुडपाचे पैसे का मोजायचे?

आपल्या भागात हा नटण्यामुरडण्याचा प्रश्न नाही

मुंबईच्या मॉलमध्ये आफ्टरशेव्ह ही हौस असेल. तारापूर एमआयडीसीत मात्र दाढी हा सुरक्षेचा भाग आहे. रासायनिक वाफांपासून वाचण्यासाठी घालायचा रबरी मास्क चेहऱ्याला घट्ट चिकटावा लागतो. कडेखाली एका दिवसाचे खुंट असले तरी फट राहते आणि वाफ आत शिरते. म्हणून कामगार पहाटे उठून घाईघाईत, कोरड्या गालावर जुनंच ब्लेड फिरवतो. वर अल्कोहोलचं पाणी मारतो. मग आठ तास घाम, रबराचं घर्षण, धूळ आणि किनाऱ्याची दमट हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांसह देशात सर्वांत वर होतं, हेही विसरू नका. ओरखडे पडलेली, कोरडी त्वचा घेऊन आपण अशा हवेत उभे राहतो.

परिणाम ठरलेला. गालावर आग, मानेवर केसतोड, हनुवटीखाली आत वळून वाढणारे केस. मग माणूस कंटाळून चार दिवस दाढी सोडून देतो. त्या चार दिवसांत मास्क नावालाच तोंडावर असतो. गालाचं दुखणं असं फुप्फुसापर्यंत पोहोचतं.

तुरटी, अँटिसेप्टिक आणि ‘ती’ ट्यूब

“मग आपली तुरटीच बरी!” म्हणणाऱ्यांनी घाई करू नये. तुरटी स्वस्त आहे, बारीक कापल्याचं रक्त थांबवते, हे खरं. पण सलूनमध्ये एकच खडा दिवसभर सगळ्यांच्या गालांवर फिरतो. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस तग धरू शकतो. तुरटी वापरायचीच तर स्वतःची, घरी, आणि नंतर पाण्यानं धुऊन टाका. सलूनमध्ये ब्लेड आपल्या डोळ्यांसमोर नवं फोडायला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर घेऊन टाका.

अँटिसेप्टिक पाणी न मिसळता गालावर चोळणं म्हणजे जखमेवर मीठ.

सर्वांत घातक मात्र ती ट्यूब, जी मेडिकलवाला ‘पुरळ आलंय’ म्हटल्याबरोबर काढून देतो. तिच्यात अनेकदा तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. दोन दिवसांत आराम पडतो, दोन महिन्यांत त्वचा पातळ होते, मुरुमं येतात, गजकर्ण असेल तर पसरतं. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून शेड्यूल एच मध्ये टाकली. चिठ्ठी न मागता ती देणारा तुमच्यावर मेहेरबानी करत नाही.

तरीही विच हेझल घ्यायचंच असेल तर

1. घटकांची यादी वाचा. जे जास्त, ते आधी लिहिलेलं असतं. पहिल्या तीन-चार नावांत अल्कोहोल, एथेनॉल किंवा डिनेचर्ड अल्कोहोल असेल तर बाटली परत ठेवा. सेटिल आणि स्टिअरिल अल्कोहोल वेगळे, ते मऊपणा देणारे घटक आहेत, त्यांना घाबरू नका.
2. परफ्यूम, फ्रॅग्रन्स, मेंथॉल, कापूर नको. सुगंधी द्रव्यं अॅलर्जीचं मोठं कारण आहेत. थंडगार वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे.
3. ‘नैसर्गिक’ या शब्दाला शून्य गुण. खाजकुयलीही नैसर्गिकच आहे.
4. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. खाज आली तर चेहऱ्याला लावू नका.
5. गालावर झोंबलं तर त्याच दिवशी बंद. ‘सवय होईल’ म्हणून रेटू नका.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाढीची पद्धत. कोमट पाण्यानं दोन-तीन मिनिटं केस भिजवा, फेस करा, चांगलं ब्लेड वापरा, केसांच्या दिशेनं हलक्या हातानं फिरवा. नंतर थंड पाणी, टॉवेलनं टिपणं आणि बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, पातळ थरात. मास्क घालणाऱ्यांनी ते पूर्ण जिरू द्यावं. मास्कच्या कडेखाली पेट्रोलियम जेली थापू नये, मास्क घसरतो. पू, ताप, पसरणारी लाली किंवा गोल चट्टा दिसला तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

आता थोडं कंपन्यांच्या व्यवस्थापनाला

सेफ्टीच्या फलकावर ‘दाढी करून या’ एवढं लिहून तुमची जबाबदारी संपत नाही. पाळी सुरू होण्याआधी कोमट पाणी आणि आरसा असलेली जागा, साधं मॉइश्चरायझर आणि दहा मिनिटं, यांचा खर्च मास्कच्या काडतुसांपुढे किरकोळ आहे. ज्याला वारंवार केसतोड होतात, त्याला हवा पुरवणारा सैल हूड देता येतो, त्याला दाढीची अट नसते. त्याला मेमो देऊन त्याची त्वचा सुधारणार नाही.

आणि कामगार मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी म्हणालं, “थोडं झोंबेल, पण गुण येईल,” तर त्याला सांगा, झोंबायला तारापूरची हवा पुरेशी आहे. विकत आणून आणखी कशाला?