शून्य त्रुटींचा हट्ट

गेल्या अंकापासून एकाच तक्रारीची पत्रे येत आहेत. पनवेल-तळोजा पट्ट्यात कंट्रोल कार्ड बनवणाऱ्या सभासदांना एका खरेदी कार्यालयाने नवी अट घातली आहे. स्कीमॅटिकसोबत ईआरसीचा (इलेक्ट्रिकल रूल्स चेकचा) अहवाल जोडा; त्यात त्रुटी शून्य, वॉर्निंग शून्य आणि वगळलेल्या नोंदीही शून्य. सही-शिक्क्यानिशी, तीन प्रतींत.

पहिल्या दोन अटी एक वेळ समजून घेता येतील. तिसरी अट मात्र खोटा अहवाल द्यायला भाग पाडते. वगळलेली नोंद म्हणजे डिझायनरने पाहिलेली आणि विचार करून सोडलेली गोष्ट. कीकॅडच्या नव्या आवृत्त्यांत तिच्यासोबत कारणही लिहिता येते. तपासनिसाने सर्वांत आधी वाचावे ते हेच. त्यालाच मज्जाव केला की माणूस सेटिंगमध्ये जाऊन तो नियमच बंद करतो. अहवाल कोरा निघतो आणि त्यावर शिक्का बसतो.

शून्य त्रुटींची किंमत किती, तेही कार्यालयाने समजून घ्यावे. पीसी817 लावून फील्डची बाजू वेगळी केलेले इनपुट कार्ड घ्या. एलईडीच्या बाजूला आणि ट्रान्झिस्टरच्या बाजूला तोच जीएनडी सिंबल पडला, की दोन्ही ग्राउंड एकाच नेटवर येतात, कारण पॉवर सिंबलचे नाव सगळ्या पानांवर एकच असते. कॉपर पोअर दोघांना जोडून टाकतो. आयसोलेशन संपले, तरी ईआरसीची काहीच तक्रार नसते. हे कार्ड नव्या अटीत बिनबोभाट पास होईल आणि कारखान्याच्या पॅनेलमध्ये जाऊन बसेल. आम्हाला हे मान्य नाही.

पण सगळा दोष कार्यालयाच्या माथी मारता येणार नाही; पॉवर फ्लॅग लावताना आपणही चुकतो. 24 व्होल्टचे टर्मिनल पॅसिव्ह, पुढचा फ्यूजही पॅसिव्ह. म्हणून फ्यूजपलीकडे 7805च्या इनपुटला पुरवठा कुठून येतो, हे सॉफ्टवेअरला दिसत नाही. तिथे पॉवर फ्लॅग हवाच. एलएम2596च्या पुढे इंडक्टर ओलांडला की नेट बदलते, तिथेही हवा. आपल्याकडे मात्र तो दिसेल त्या नेटवर चिकटवला जातो. फ्लॅगही पॉवर आउटपुटच धरला जात असल्याने तो 7805च्या आउटपुटवर लावला की दोन पॉवर आउटपुट भिडल्याची त्रुटी येते. मग फ्लॅग काढायचा सोडून लोक लायब्ररीत शिरतात आणि रेग्युलेटरची पिनच पॅसिव्ह करून ठेवतात! पुढच्या बोर्डावर असे दोन रेग्युलेटर चुकून एकमेकांना जोडले गेले, तर ईआरसी चकार शब्द काढणार नाही. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाच्या ईसिमवर शिकून आलेल्या मुलांना पॉवर फ्लॅग माहीत असतो. तो कुठे लावायचा नाही, हे शिकवणे आपले काम आहे.

सभासदांनो, या आठवड्यात आपली लायब्ररी उघडा. प्रत्येक रेग्युलेटरची आउटपुट पिन पॉवर आउटपुट आहे का, पाहा. आयसोलेटेड बाजूला वेगळ्या नावाचा ग्राउंड सिंबल करा. बंद केलेले नियम पुन्हा चालू करा, आणि जे वगळायचे ते कारण लिहून वगळा. असे खरे, कारणांसह भरलेले अहवाल महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. तिसरी अट मागे घ्यावी, या मागणीच्या निवेदनाला ते जोडून आम्ही कार्यालयात समक्ष नेऊन देणार आहोत. ज्यांना वेळ असेल त्यांनी सोबत यावे.