पदवी नसेल तर काम दाखवा, आणि ते मराठीतून शिका

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील मराठी तरुण आम्हांस अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात : पदवी नाही, तरी संगणकक्षेत्रात नोकरी मिळेल काय? दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा पी. यू. सी.च्या वर्गात जाऊन बसतो. तेथे विज्ञान एकाएकी इंग्रजीतून सुरू होते आणि बुद्धी असूनही तो मागे पडतो. पुढे पदवीची वाट सुटते, आणि पुण्यास वा हैदराबादेस जाऊन तो मिळेल ते काम धरतो. म्हणूनच नोकरीचा हा प्रश्न आम्हांस भाषेचाही वाटतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पदवीवाचून प्रवेश देणाऱ्या वाटा आहेत. झोहो ही कंपनी गेली सुमारे वीस वर्षे बारावी वा पदविका झालेल्या मुलांना विद्यावेतन देऊन स्वतःच्या शाळेत शिकवते व कामावर घेते. एचसीएलच्या टेकबी योजनेत बारावीस गणित असलेल्यांना आधी प्रशिक्षण, मग नोकरी आणि नोकरी करता करता पदवी, असा क्रम आहे. दहावीनंतर आय. टी. आय.मधील ‘कोपा’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रमही आहे. तथापि पुष्कळ कंपन्या अर्जाच्या पहिल्या चाळणीतच पदवी विचारतात. सरकारी नोकरीत तर पळवाट नाही. घटनेच्या कलम ३७१ (जे) अन्वये आपल्या भागास राखीव जागा मिळाल्या, पण पदासाठी ठरलेली शैक्षणिक पात्रता त्याने माफ होत नाही. म्हणून ज्यास पदवी शक्य आहे त्याने ती, मुक्त विद्यापीठातून का होईना, जरूर घ्यावी. नोकरीची हमी देऊन आगाऊ पैसे मागणाऱ्या क्लासपासून मात्र चार हात दूर राहावे.

ज्याच्यापाशी पदवी नाही, त्याने तिच्या जागी काय ठेवावे? हातचे काम. बिदरला हे नव्याने सांगावयास नको. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत चांदीची नक्षी जडवून किल्ल्यातील मातीने तो धातू काळा करण्याची बिदरी विद्या घरच्या कारखान्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती या हातच्या कामासाठीच. संगणकाच्या कामाचेही तसेच आहे. प्रोग्रॅम चालतो की नाही, हे समोरच्यास पडताळून पाहता येते.

पण ते काम शिकावयाचे कोणत्या भाषेत? आय. आय. टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स, सी, जावा, पायथन, लिब्रेऑफिस इत्यादींचे पाठ अनेक भारतीय भाषांत विनामूल्य ठेवले आहेत. त्यांत मराठी आहे, कन्नडही आहे. पाठ ऐकावा, थांबवावा आणि शेजारच्या खिडकीत तेच स्वतः करून पाहावे, अशी त्याची पद्धत. कल्पना एकदा मातृभाषेत उमगली, की तिच्यासाठी लागणारी इंग्रजी संज्ञा लक्षात राहते. इंग्रजी टाळता येणार नाही, सूचना वाचण्यापुरती व मुलाखतीपुरती ती यावीच लागेल. आमचा आग्रह इतकाच, की न समजलेल्या विषयावर न समजलेल्या भाषेचे ओझे घालू नये.

आणि दाखवावयाचे काम तरी दूर कशास शोधावे? एक उदाहरण देतो. युनिकोडमध्ये ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ला लागून येते. मराठी शब्दकोशात ते ‘ह’नंतर येते. म्हणून केवळ युनिकोड क्रमांकांवर विसंबलेला संगणक कल, कळ, कवी, कस अशी यादी लावतो, तर आपला कोश कल, कवी, कस, कळ अशी. कन्नड वर्णमालेतही ‘ळ’ ‘ह’नंतरच येतो आणि युनिकोडमध्ये तीच अडचण उद्भवते. दोन्ही भाषांच्या याद्या योग्य क्रमाने लावणारा छोटा प्रोग्रॅम लिहा, तो गिटहबवर सर्वांस पाहता येईल असा ठेवा, आणि कशासाठी लिहिला ते चार ओळींत इंग्रजीत सांगा. मुलाखतीत बोलावयास तेवढे पुरेल. तसेच ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद पडद्यावर पुसला गेला, तर तो मराठी वाचणाऱ्यासच खटकतो. भारतीय भाषांतील सॉफ्टवेअर तपासण्यास असे डोळे लागतात, आणि सीमाभागातील मुलास ते दोन लिप्यांत मिळालेले आहेत. ज्या दुभाषिकपणामुळे शाळेत तो अवघडला, तोच येथे त्याचे भांडवल ठरतो.

गावोगावच्या मराठी शाळांस व वाचनालयांस आमची विनंती आहे. एक जुना संगणक, एक इंटरनेट जोडणी आणि रविवारचे दोन तास एवढे उपलब्ध करून द्यावे. मराठी पाठ लावावेत, आणि मुलांनी ‘ळ’ला त्याच्या जागी बसवून दाखवावे.