तटबंदीच्या आतले स्वराज्य : न्योर्डलिंगेन नावाच्या गावाची गोष्ट

१/ मध्ययुगीन युरोपातील ‘मुक्त नगरां’विषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात बहुधा आदराचा सूर असतो. चहूकडे राजेरजवाड्यांचा अंमल असताना स्वतःची नगरसभा, स्वतःचे न्यायालय आणि स्वतःचा खजिना राखणारी ही गावे म्हणजे आधुनिक लोकशाहीची पहिली पायरी, असे सांगितले जाते. मला हे मत अर्धेच पटते. उरलेले अर्धे का पटत नाही, ते एका लहान जर्मन गावाच्या आधारे मांडतो. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ गावाचे नाव न्योर्डलिंगेन. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, पश्चिम सीमेलगत ते वसले आहे. लोकवस्ती सुमारे वीस हजार. गावाजवळून एगर नावाची लहान नदी वाहते. ती व्योर्निट्झला मिळते आणि व्योर्निट्झ पुढे डोनाउव्योर्थ येथे डॅन्यूबला. भोवताली रीस नावाचा सपाट, सुपीक, जवळजवळ गोलाकार प्रदेश आहे आणि त्याच्या कडेने टेकड्यांची रांग फिरलेली आहे.

३/ हा गोलाकार योगायोगाचा नाही. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी येथे एक लघुग्रह आदळला आणि सुमारे २४ किलोमीटर व्यासाचे विवर तयार झाले. आपले लोणार सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे, म्हणजे तुलना सहज ध्यानात येईल. न्योर्डलिंगेन हे गाव या विवराच्या पोटात वसले आहे.

४/ गंमत अशी की, गावकऱ्यांना याची शतकानुशतके कल्पना नव्हती. संत जॉर्जचे भव्य चर्च १४२७ ते १५०५ या काळात त्यांनी ज्या करड्या दगडात बांधले, तो सुएव्हाइट हा दगड त्या आघातातूनच जन्मला होता. त्यात अतिसूक्ष्म हिरेही आहेत. पुढे विद्वानांनी या प्रदेशाचा उगम ज्वालामुखीत शोधला. १९६०च्या सुमारास यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या अमेरिकेतील संशोधकांना येथील दगडात कोएसाइट हे खनिज सापडले. ते प्रचंड दाबाखालीच बनते. त्यानंतर आघाताचा सिद्धान्त मान्य झाला. ऑगस्ट १९७० मध्ये अपोलो १४चे अंतराळवीर खडकांची ओळख करून घेण्यासाठी याच रीसमध्ये आले होते.

५/ आता इतिहासाकडे वळू. गावाचा पहिला लेखी उल्लेख सन ८९८चा. १२१५ मध्ये सम्राट फ्रेडरिक दुसरा याने ते रेगेन्सबुर्गच्या बिशपकडून आपल्याकडे घेतले आणि न्योर्डलिंगेन ‘साम्राज्यनगर’ झाले. साम्राज्यनगर म्हणजे असे गाव, ज्याच्यावर कोणा सरदाराचा वा बिशपचा अंमल नाही; वर थेट सम्राट. आणि सम्राट दूर असल्यामुळे व्यवहारात गावाचा धनी गावच.

६/ पेंटेकॉस्टच्या सणाला भरणाऱ्या जत्रेचा उल्लेख १२१९पासून मिळतो. दूरदूरचे व्यापारी येथे येत आणि गाव श्रीमंत होत गेले. १३२७ मध्ये सम्राट लुडविग बव्हेरियन याच्या आज्ञेने वस्तीभोवती नवा तट घालण्याचे काम सुरू झाले. तो सुमारे २.७ किलोमीटरचा तट आजही अखंड आहे. पाच वेशी, त्यावरचे मनोरे आणि छपराखालून चालत पूर्ण प्रदक्षिणा घालता येईल असा मार्ग, हे सारे पाहायला मिळते.

७/ चर्चच्या सुमारे ९० मीटर उंच मनोऱ्याला लोक लाडाने ‘डॅनियल’ म्हणतात. त्यावर आजही पहारेकरी असतो आणि रात्री तो ‘सो, गेझेल, सो’ अशी आरोळी देतो. तिच्यामागची आख्यायिका अशी : १४४०च्या सुमारास ओटिंगेनच्या सरदाराने वेशीच्या राखणदारांना लाच देऊन दार उघडे ठेवायला लावले. एका डुकरिणीने त्या दाराला अंग घासले, दार हलले आणि एका बाईच्या ते लक्षात आले. गाव वाचले.

८/ डुकरिणीची कथा खरी मानण्याचे कारण नाही. पण त्या कथेत गावाने स्वतःकडे कसे पाहिले, ते दिसते. धोका नेहमी तटाबाहेर. आत सारे आपले. वेस नीट बंद असली की झोप निश्चिंत. माझा आक्षेप नेमका येथेच सुरू होतो.

९/ तटाच्या आत सगळेच ‘आपले’ नव्हते. गावात ज्यू वस्ती होती. १२९८, १३४९ आणि १३८४ मध्ये त्यांच्यावर जीवघेणे हल्ले झाले आणि १५०७ मध्ये ज्यूंना गावातून घालवून देण्यात आले. पुन्हा वस्ती करण्याची मुभा त्यांना १९व्या शतकात मिळाली. ज्या तटाने सरदारांना बाहेर ठेवले, त्याच तटाच्या आत शेजाऱ्याचे घर लुटले गेले.

१०/ नगरसभेत कोण बसत असे? आरंभी धनिक घराणी. १४व्या शतकात कारागिरांच्या संघांनी, म्हणजे गिल्डांनी, सत्तेत वाटा मिळवला. विणकर, चामडे कमावणारे, खाटीक, लोहार यांचे प्रतिनिधी सभेत आले. ही लोकशाही नव्हती. स्त्रिया, नोकरचाकर, गिल्डबाहेरचे गरीब यांना आवाज नव्हता. तरीही सत्ता काही घरांपुरती उरली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

११/ सम्राट चार्ल्स पाचवा याला ते रुचले नाही. श्माल्काल्डेनच्या युद्धात प्रोटेस्टंट पक्षाचा पराभव केल्यावर, १५४८ ते १५५२ या काळात त्याने दक्षिण जर्मनीतील अनेक साम्राज्यनगरांतील गिल्डांची राजवट मोडून काढली. सत्ता पुन्हा मोजक्या घराण्यांच्या लहान सभेकडे गेली. न्योर्डलिंगेनही त्यात होते. स्वातंत्र्य गावाचेच राहिले. ते वापरणारे हात मात्र कमी झाले.

१२/ त्यानंतर चार दशकांनी, १५८९ ते १५९८ या काळात, गावात चेटकिणींचे खटले चालले. ३४ स्त्रिया आणि एक पुरुष यांना मृत्युदंड झाला. हे खटले कोणा धर्मपीठाने चालवले नव्हते. नगराध्यक्ष योहानेस फेरिंगर आणि नगरसभेचे कायदेपंडित यांनी नगरसभेच्याच न्यायालयात ते चालवले. देहदंड देण्याचा अधिकार हा साम्राज्यनगराच्या स्वायत्ततेचा मानबिंदू मानला जाई. तो अधिकार असा वापरला गेला.

१३/ बळी गेलेल्यांत रेबेका लेंप होती. तिचा नवरा पेटर लेंप हा नगराच्या खजिन्याचा अधिकारी, म्हणजे घरचाच माणूस. १५९० मध्ये तो परगावी असताना तिला अटक झाली. कैदेतून तिने नवऱ्याला लिहिलेली पत्रे आजही उपलब्ध आहेत. आपण निरपराध आहोत, हे ती वारंवार सांगते. नवऱ्याने सभेकडे विनवण्या केल्या. त्याच वर्षी तिला जाळण्यात आले.

१४/ पेटर लेंप दुसऱ्या कोणाकडे जाणार होता? फौजदारी खटल्यात साम्राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाकडे साधे अपील करण्याची सोय नव्हती. फिर्याद ऐकणारी नगरसभा, चौकशी नगरसभेची, निकाल नगरसभेचा आणि दयेचा अर्जही नगरसभेकडेच. खरे स्वराज्य म्हणून ज्याचे कौतुक आपण करतो, त्याची ही दुसरी बाजू.

१५/ आता मारिया होल. ती गावातील एका खाणावळीची मालकीण. १५९३ मध्ये तिला पकडले. पन्नासहून अधिक वेळा तिचा छळ झाला. तिने कबुली दिली नाही. १५९४ मध्ये ती सुटली. तिच्या धैर्याला तोड नाही. पण तिच्या सुटकेत आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे दुर्लक्ष होते. मारिया मूळची उल्म नगराच्या मुलखातली. तिच्या नातलगांनी उल्मच्या नगरसभेला साकडे घातले आणि त्या सभेने न्योर्डलिंगेनकडे तिच्या बाजूने शब्द टाकला.

१६/ रेबेकाजवळ सत्य होते, पत्रे होती, सभेत वजन असलेला नवरा होता. मात्र तटाबाहेर कोणी नव्हते. मारियाकडे अचाट सहनशक्ती होती आणि तटाबाहेर विचारणारे कोणीतरी होते. मारियानंतर खटल्यांचा जोर ओसरला. आज गावात तिच्या नावाचे कारंजे आहे. माझ्या मते उल्मच्या त्या शब्दालाही गावाच्या स्मृतीत जागा हवी.

१७/ येथे कोणी रास्त आक्षेप घेईल. १६२०च्या दशकात बांबेर्ग आणि व्युर्ट्सबुर्ग येथे बिशपांच्या राज्यात चेटकिणी म्हणून शेकडो जणांना मारले गेले. तिथे कुठे नगराची स्वायत्तता होती? आणि न्युरेंबेर्ग हेही साम्राज्यनगरच. त्या सभेने अशा खटल्यांत बराच संयम दाखवला. मग दोष स्वायत्ततेचा कसा? आक्षेप मला मान्य आहे. दोष स्वायत्ततेचा नव्हे. जाब विचारणारे कोणी नसण्याचा आहे, मग सत्ता बिशपची असो वा नगरसभेची. न्युरेंबेर्गचे लोक वाचले ते सभासदांच्या सुबुद्धीमुळे. सुबुद्धी ही व्यवस्था नव्हे. ती पुढच्या वर्षी बदलू शकते.

१८/ पुढचा इतिहास थोडक्यात. तीस वर्षांच्या युद्धात, सप्टेंबर १६३४ मध्ये, गावाबाहेरच्या टेकड्यांवर स्वीडन आणि त्याच्या जर्मन मित्रांचा सम्राट व स्पेन यांच्या फौजांनी दारुण पराभव केला. स्वीडिश सेनापती गुस्ताव्ह होर्न पकडला गेला आणि वेढ्यातले गाव शरण गेले. त्यानंतर त्याचा व्यापार पूर्वीसारखा कधीच उभा राहिला नाही. आज आपण ज्या अखंड तटाचे कौतुक करतो, तो टिकला याचे एक कारण हे दारिद्र्य आहे. श्रीमंत शहरांनी आपले तट पाडून रुंद रस्ते केले. येथे तशी निकडच पडली नाही.

१९/ नेपोलियनच्या काळात नकाशे बदलले आणि १८०३ मध्ये न्योर्डलिंगेन बव्हेरियात विलीन झाले. सुमारे सहा शतकांचे साम्राज्यनगर एका रात्रीत परक्या राज्यातले लहान गाव बनले. आरंभी सारा कारभार वरून चाले. १८१८च्या हुकुमाने बव्हेरियाने गावांना मर्यादित स्वशासन परत दिले. १९३५ मध्ये नाझी राजवटीने संपूर्ण जर्मनीसाठी नगरपालिका कायदा केला. निवडून येणारी सभा गेली आणि वरून नेमलेला नगराध्यक्ष आला. वरची सत्ता बेबंद झाली तर काय होते, तेही या गावाने पाहिले. १९व्या शतकात परतलेला ज्यू समाज याच काळात नाहीसा करण्यात आला.

२०/ म्हणून १९४९च्या जर्मन राज्यघटनेतील २८वे कलम मला महत्त्वाचे वाटते. स्थानिक बाबी स्वतःच्या जबाबदारीवर हाताळण्याचा गावांचा हक्क ते मान्य करते, मात्र कायद्याच्या चौकटीत. हक्क आणि चौकट एकाच वाक्यात आहेत. १५९०च्या न्योर्डलिंगेनला हक्क होता, चौकट नव्हती. १९३५च्या न्योर्डलिंगेनला हक्कच नव्हता.

२१/ आजचा कारभार पाहा. बव्हेरियाच्या १९५२च्या नगरपालिका कायद्यानुसार नगराध्यक्ष थेट लोकांमधून सहा वर्षांसाठी निवडला जातो. वीस ते तीस हजार वस्तीच्या गावाला ३० सभासद असतात. जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराच्या हाती. ती वेगवेगळ्या पक्षांच्या उमेदवारांत वाटता येतात आणि एका उमेदवाराला तीनपर्यंत देता येतात. पक्षाने यादीत खाली ढकललेल्या माणसाला मतदार वर आणू शकतो. १९९५ मध्ये झालेल्या राज्यव्यापी सार्वमतानंतर गावाच्या प्रश्नावर थेट सार्वमत मागण्याचा हक्कही नागरिकांना मिळाला. आणि सभेचा निर्णय बेकायदा वाटला, तर प्रशासकीय न्यायालय आहे.

२२/ गावाची तक्रार उरली नाही असे नाही. १ जुलै १९७२ रोजी बव्हेरियाने जिल्ह्यांची संख्या १४३ वरून ७१ वर आणली. न्योर्डलिंगेनचा स्वतंत्र दर्जा गेला आणि नव्या जिल्ह्याचे मुख्यालय डोनाउव्योर्थ झाले. वाहनांच्या पाट्यांवरील गावाची ‘एनओ’ ही जुनी अक्षरेही गेली. ती २०१३ मध्ये परत आली. परक्याला हे क्षुल्लक वाटेल. मला वाटत नाही. निर्णय दूर गेला की माणसाला तो आपला वाटेनासा होतो. वरच्या देखरेखीचे समर्थन करताना ही किंमत विसरू नये.

२३/ तरीही ‘आमचे आम्ही पाहून घेऊ’ हे वाक्य इतिहासात जिथे जिथे भेटेल, तिथे एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या : या ‘आम्ही’मध्ये कोण कोण आहे, आणि जो त्यात नाही त्याने दाद कोठे मागायची? उत्तर ‘आमच्याकडेच’ असे असेल, तर ते स्वराज्य काहींचेच आहे.

२४/ कधी न्योर्डलिंगेनला गेलात, तर डॅनियलवर अवश्य चढा. वरून तटाचे वर्तुळ दिसते आणि त्याच्या पलीकडे विवराच्या कडेचे मोठे वर्तुळही दिसते. मग खाली उतरून मारियाच्या कारंज्यापाशी थोडे थांबा. आणि रेबेकाची आठवण काढा. तिच्यासाठी वेशीबाहेरून कोणी विचारले नाही.

२५/ धागा येथे संपवतो. साम्राज्यनगरांना लोकशाहीचे पूर्वज मानावे की नाही, यावर तुमचे मत वेगळे असेल तर कारणांसह जरूर लिहा.