गोळी अडली, पण छातीचे काय?

बुलेटप्रूफ जॅकेटवर गोळी लागली, आरपार गेली नाही, जवान उभा राहिला, की बातमी तिथेच संपते. डॉक्टरांचे काम मात्र उरते. २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर राज्यात जॅकेटच्या खरेदीवर आणि दर्जावर बरेच वादंग झाले. गोळी अडवताना प्लेटचे आणि तिच्यामागच्या शरीराचे काय होते, याची चर्चा तेव्हाही फारशी झाली नाही.

एके-४७ची सुमारे ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला जवळपास ७१५ मीटर वेगाने सुटते. म्हणजे २,००० ज्यूल ऊर्जा. २० किलोचे धान्याचे पोते १० मीटरवरून पडल्यावर होते तेवढी. सिनेमात माणूस गोळीने मागे उडतो तसे प्रत्यक्षात होत नाही, कारण गोळीचा संवेग फारच कमी असतो. पण ही सगळी ऊर्जा बोटाच्या पेराएवढ्या जागेत उतरते.

पोलाद ती कशी सोसते हे त्याच्या कठीणपणावर ठरते. मऊ पोलाद ताणले जाऊन फुगते आणि शेवटी मागच्या बाजूने पाकळ्यांसारखे फाटते. कठीण पोलाद गोळीलाच चुरडते. मात्र आघात इतका जलद असतो की निर्माण झालेली उष्णता पसरायला वेळ मिळत नाही. एक अरुंद पट्टा तापून मऊ पडतो आणि पंचने कागदातून टिकली पडावी तशी पोलादाची चकती आत येते. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. आघाताची दाबलहर मागच्या पृष्ठभागावरून परतताना ताणलहर होते आणि गोळी आत न येताही मागचा पापुद्रा सुटून तुकडे उडतात. ब्रिटिश अभियंते बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी १९१४च्या सुमारासच हे दाखवले होते. चिलखती गाड्यांना आतून मजबूत कापडाचे अस्तर लावतात ते यासाठीच.

अंगावरच्या पोलादी प्लेटचा धोका पुढच्या बाजूनेही असतो. चुरडलेल्या गोळीचे तुकडे प्लेटच्या पृष्ठभागाला समांतर उडतात. मान, हनुवटी आणि दंड तिथेच असतात. प्लेटवर तुकडे धरून ठेवणारे आवरण नसेल, तर स्वस्तात घेतलेली प्लेट छाती वाचवून गळ्याला जखम करू शकते. शिवाय २५ बाय ३० सेंटिमीटरची, ६ मिलिमीटर जाडीची एक प्लेट साडेतीन किलो भरते. पुढे-मागे दोन धरल्या तर सात. गडचिरोलीच्या उन्हाळ्यात हे ओझे वागवणाऱ्या पोलिसाने ते उतरवून ठेवले, तर दोष त्याला देता येत नाही.

कापडी किंवा मिश्र बनावटीच्या जॅकेटमध्ये पोलादापेक्षा मागचा फुगवटा जास्त असतो. अमेरिकी मानकात जॅकेट विशिष्ट मातीच्या ठोकळ्यावर ठेवून गोळी झाडतात आणि मातीतला खड्डा ४४ मिलिमीटरपर्यंत चालतो. मातीला ना बरगड्या असतात, ना फुफ्फुस. भारताने २०१८ मध्ये स्वतःचे मानक आणले, हे चांगलेच झाले. तरी मानक उत्तीर्ण झालेल्या जॅकेटच्या आतही बरगडी मोडू शकते, फुफ्फुसाला मुका मार लागू शकतो. असा मार पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. काही तासांनी श्वास लागतो, ऑक्सिजन उतरतो.

म्हणून जॅकेटवर गोळी लागलेल्या प्रत्येकाला, तो ‘ठीक आहे’ म्हणत असला तरी, किमान २४ तास निरीक्षणाखाली ठेवावे. ईसीजी काढावा आणि छातीचा एक्स-रे पुन्हा घ्यावा. जॅकेटही रुग्णासोबत रुग्णालयात पाठवावे. प्लेटवरचा खड्डा नेमका कुठे आहे, यावरून आत काय शोधायचे ते ठरते.