निश्चलता म्हणजे निष्क्रियता नव्हे

हिंदू वैराग्याचा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षित मंडळींचा निवाडा ठरलेला असतो : तो संन्यासी डोळे मिटून बसतो, आपल्या सिस्टर्स रुग्णांची सेवा करतात! या तुलनेला टाळ्याही पडतात. आम्हांस मात्र ती अन्यायाची आणि अज्ञानाची वाटते.

वैराग्याच्या नावाखाली कर्तव्य टाळणारे हिंदू समाजात झालेच नाहीत, असे आमचे म्हणणे नाही. पण त्यांच्यावर कोरडे ओढले ते त्याच परंपरेने. देहाने स्वस्थ बसून मनाने विषयांचे चिंतन करणाऱ्याला भगवद्गीतेचा तिसरा अध्याय मिथ्याचारी ठरवतो. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत पत्नीला मागे ठेवून काशीस संन्यासी झाले. हे कळताच गुरूंनीच त्यांना गृहस्थाश्रमात परत धाडले, असे परंपरा सांगते. लोकमान्य टिळकांचे १९१५ साली प्रसिद्ध झालेले 'गीतारहस्य' तर संन्यास की कर्मयोग याच वादाचा ग्रंथ आहे. घरच्यांनीच इतकी झाडाझडती घेतली असता आपण कोणता नवा शोध लावला?

मग ही निश्चलता आहे तरी काय? रमण महर्षींचे चरित्र पाहावे. १८९६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते तिरुवण्णामलैला आले आणि १९५० साली देह ठेवीपर्यंत अरुणाचलाचा परिसर त्यांनी सोडला नाही. आरंभीची कित्येक वर्षे मौनात गेली. पण हेच मौनी पुढे पहाटे आश्रमाच्या स्वयंपाकघरात भाजी चिरीत, पुस्तकांची मुद्रिते तपासीत. पंक्तीत इतरांना न मिळालेला पदार्थ आपल्या पानात पडू देत नसत. १९१६ साली आई त्यांच्याजवळ राहावयास आली. १९२२ साली तिच्या अंतकाळी तिच्या मस्तकावर व छातीवर हात ठेवून ते तासन्‌तास बसून राहिले. घर सोडू का, असे विचारणाऱ्या गृहस्थांना ते बहुधा परावृत्त करीत. मन बरोबर येणारच असेल, तर घर काय नि वन काय! त्यांचे हात चालूच होते. थांबला होता तो 'मी'.

आपल्या सेवेत हा 'मी' कितीसा थांबतो? देणगीच्या फलकावर कोणाचे नाव वर, सणाच्या समितीत अध्यक्ष कोण, यावरून सख्खे शेजारी वर्षानुवर्षे अबोला धरतात. हात राबतात आणि अहंकारही राबतो. अशांनी दुसऱ्याच्या मौनाला आळस म्हणावे, हे शोभत नाही.

हिंदू बांधव तपश्चर्या, ध्यान व भक्ती यांच्या मार्गाने मुक्ती शोधतात, याची आदरपूर्वक नोंद दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच घेतली आहे. तेव्हा तुलना करावयाचीच, तर त्यांच्या भोंदूंची आपल्या संतांशी करू नये. संतांशेजारी संत ठेवावेत आणि मग आपण स्वतः कोठे उभे आहोत, ते पाहावे.