विमान चुकलं, पण सहाशे युरो सोडायचे नाहीत!

गेल्या सप्टेंबरमध्ये माझी चुलत बहीण, म्हणजे ताई, मास्टर्स करायला डब्लिनला निघाली. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या घरातून परदेशी जाणारी ती पहिलीच. काकांनी शैक्षणिक कर्ज काढलेलं, काकूंनी बॅगेत कुकर आणि शेंगदाण्याची चटणी कोंबलेली. पुण्याहून युरोपला थेट विमान नाही, म्हणून रात्री गाडी करून सगळे मुंबई विमानतळावर. तिकीट एका युरोपीय कंपनीचं. मुंबईहून त्यांच्या मोठ्या विमानतळावर उतरायचं, तिथून दुसऱ्या विमानाने डब्लिन.

मुंबईतच विमान चार तास उशिरा सुटलं. कारण काय, तर तांत्रिक बिघाड. दुपारी साडेचारला घरच्या ग्रुपवर ताईचा मेसेज आला, "पुढचं विमान गेलं. आता उद्या सकाळचं देतायत."

काका म्हणाले, "मग काय झालं? भिगवणला एक यष्टी चुकली तर दुसरी मिळतेच की!"

मिळते. पण मधली रात्र कुठे काढायची? कंपनीने हॉटेलचं कूपन दिलं, पण हॉटेल पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे. ताईकडे व्हिसा आयर्लंडचा. आयर्लंड युरोपीय महासंघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. त्यामुळे विमानतळाबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. युरोपियन पासपोर्टवाले हॉटेलात गेले आणि ताईने खुर्च्यांवर रात्र काढली. डब्लिनला ती पोहोचली २१ तास उशिरा. बॅग त्यानंतर तीन दिवसांनी.

हा नशिबाचा भाग नाही

आपल्याकडे अशा वेळी 'जाऊ दे, सुखरूप पोहोचली ना' म्हणून विषय संपतो. ताईचाही संपला असता. चार दिवसांनी कंपनीचा ईमेल आला. दिलगिरी, आणि सोबत पुढच्या प्रवासात वापरायचं एक व्हाउचर. 'स्वीकारा'वर बोट जाणार तेवढ्यात तिच्या फ्लॅटमेटने तिला थांबवलं. "अगं, तुझे सहाशे युरो होतात!"

हे सहाशे युरो येतात युरोपीय महासंघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमावलीतून. महासंघातल्या कुठल्याही विमानतळावरून निघणारं विमान, मग कंपनी कुठलीही असो, या नियमाखाली येतं. बाहेरून, म्हणजे समजा मुंबईहून, महासंघात जाणारं विमानही येतं, पण ते युरोपीय कंपनी चालवत असेल तरच. प्रवासी कुठल्या देशाचा, हा प्रश्नच नाही. इंदापूरच्या मुलीला जे मिळतं तेच बर्लिनच्या मुलीला.

शेवटच्या ठिकाणी तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला, तर अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई. साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढचा प्रवास असेल तर साधारणपणे ६००. आजच्या दराने साठ हजारांच्या आसपास रुपये. दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर असतील तर उशीर शेवटच्या ठिकाणी मोजतात. व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची लेखी संमती लागते. नाहीतर पैसेच द्यायचे.

कंपनीला यातून सुटायची वाट एकच, 'अपवादात्मक परिस्थिती'. वादळ, बंद पडलेली हवाई हद्द, सुरक्षेचा धोका वगैरे. पण नेहमीचा तांत्रिक बिघाड त्यात बसत नाही, असं युरोपीय न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं. कंपनीच्या स्वतःच्या वैमानिकांचा संपही बसत नाही, हे २०२१ च्या निकालात आलं. २ सप्टेंबर २०२२ आठवतोय? लुफ्तान्साच्या वैमानिकांनी एक दिवसाचा संप केला आणि दिल्ली विमानतळावर सुमारे ७०० प्रवासी अडकले. त्यात युरोपला शिकायला निघालेली मुलं होती आणि टर्मिनल तीनबाहेर पालकांची गर्दी. त्यांच्यापैकी किती जणांना हा नियम माहीत असेल?

ताईने अर्ज केला. पहिलं उत्तर आलं, 'ऑपरेशनल कारणं'. तिने नियमावलीचा क्रमांक लिहून पुन्हा पाठवला. चार महिन्यांनी पैसे खात्यात जमा.

ब्रुसेल्समध्ये काय शिजतंय?

आता खरी बातमी. हा नियम बदलायचा घाट घातला जातोय. जून २०२५ मध्ये महासंघाच्या सदस्य देशांच्या वाहतूक मंत्र्यांनी नवा प्रस्ताव मंजूर केला. त्यानुसार जवळच्या प्रवासाला तीनऐवजी चार तास उशीर झाला तरच ३०० युरो, आणि लांबच्या प्रवासाला सहा तास झाले तरच ५०० युरो. युरोपीय संसद मात्र तीन तासांवर अडून आहे. दोघांचं जमल्याशिवाय कायदा बदलत नाही, त्यामुळे हे लिहिताना तरी जुनाच नियम लागू आहे.

कंपन्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. तीन तासांत दुसरं विमान आणून उभं करणं अवघड. मुदत वाढली तर उड्डाण रद्द करण्याऐवजी उशिरा का होईना, नेता येईल. पण फटका कोणाला बसेल ते बघा. मुंबई ते फ्रँकफर्ट अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या घरात. म्हणजे आपली सगळी विमानं 'लांबच्या' गटात. पाच तास उशिरा पोहोचलात तर आज ६०० युरो, उद्या कदाचित शून्य. पॅरिस ते रोम जाणाऱ्यापेक्षा बारामतीहून निघालेल्याचंच नुकसान जास्त. आणि त्या बैठकीत आपल्या बाजूने बोलणारं कोणी नाही.

आपल्याकडचा नियम काय म्हणतो? डीजीसीएच्या नियमांत नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही. जेवण-नाश्ता, सहा तासांच्या पुढे पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पैसे परत, अशा सोयी आहेत. आयत्या वेळी उड्डाण रद्द झालं तर कमाल दहा हजार रुपये, तेही अटींसह. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा हे आकडे किती तोकडे आहेत ते सगळ्यांनीच पाहिलं.

तिकीट काढण्याआधी एवढं बघा

• विमान कोण चालवतंय? युरोपीय कंपनीचं तिकीट असलं तरी 'ऑपरेटेड बाय'पुढे भारतीय किंवा आखाती कंपनी असेल, तर मुंबईहून जाताना हा नियम लागू नाही. येताना मात्र आहे, कारण निघणं युरोपातून होतं.

• दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडू नका. पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

• ब्रिटन आता महासंघात नाही, पण त्यांनी हाच नियम स्वतःच्या कायद्यात ठेवलाय. भरपाई पौंडात.

• बॅग आली नाही तर विमानतळावरच तक्रार नोंदवा, 'पीआयआर'चा कागद घ्या. फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार सात दिवसांत, उशिरा आलेल्या बॅगेची २१ दिवसांत. मॉन्ट्रियल करार भारतालाही लागू आहे आणि त्यात भरपाईची कमाल मर्यादा दीड लाख रुपयांहून जास्त आहे. मधल्या दिवसांत घेतलेल्या कपड्यांची बिलं जपून ठेवा.

• कंपनी दाद देत नसेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे बारामती-इंदापूरकरांसाठी पुणे.

• पैसे मिळवून देणाऱ्या एजन्सी मोठा हिस्सा कापून घेतात. आधी अर्ज स्वतः करा.

एक प्रश्न मात्र यातल्या कुठल्याच नियमाने सुटत नाही. हॉटेलचा हक्क आहे, पण दाराबाहेर पडायचा व्हिसा नाही, त्याने करायचं काय? ताईचं उत्तर साधं आहे. "हातातल्या बॅगेत एक चादर, एक टीशर्ट आणि खायला काहीतरी. चटणी मोठ्या बॅगेत ठेवायची नाही!"

काकांनी सहाशे युरोंतून कर्जाचा हप्ता भरला. गेल्या आठवड्यात शेजारचा मुलगा जर्मनीचं तिकीट दाखवायला आला होता. काकांनी चष्मा लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "ते ऑपरेटेड बायच्या पुढं काय लिहिलंय रे?"