जमीन बघायला निघण्यापूर्वी



पावसाळा सरता सरता आमच्या गटातल्या तिघीजणींनी एक विषय काढला. एकीचा घटस्फोट झालेला, एक परित्यक्ता, एकीनं लग्नच केलेलं नाही. शहरात भाड्याच्या खोल्या बदलून तिघी कंटाळल्या आहेत. 'थोडे पैसे साठलेत. दोन एकर घेऊ, एकत्र राहू, धान्य-भाजी पिकवू, शेळ्या-कोंबड्या पाळू. अकोले तालुका कसा वाटतो?' अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (पूर्वीचा अहमदनगर) या तालुक्यात कामानिमित्त माझं जाणं-येणं असतं, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

बाईनं नवऱ्या-भावाच्या आधाराशिवाय मातीत पाय रोवायचं म्हटलं, याचा मला आनंदच झाला. तरीही 'जा, घ्या' असं मला चटकन म्हणता आलं नाही.

तालुका म्हणाल तर देखणा. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, भंडारदऱ्याचं धरण, प्रवरा नदी. पण तो एकसारखा नाही. पश्चिमेला घाटघरकडे धो धो पाऊस पडतो आणि उतारावरून वाहून जातो. उन्हाळ्यात त्याच भागातल्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन हिंडतात. पूर्वेला पाऊस कमी, पण नदी-कालव्याच्या आधारानं ऊस उभा राहतो आणि त्या उसात बिबट्याचा वावर असतो. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत येते. तेव्हा मोटर चालू करायला अंधारात बांधावरून कोण जाणार? अपरात्री ताप भरला तर दवाखाना किती लांब, शेवटची एस.टी. किती वाजता, विहिरीत हिस्सा आहे का, शेतात जायची वाट कागदावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर? जमीन बघताना पुरुष मातीचा रंग आणि भाव विचारतात. आपण हेही विचारायला हवं.

याहून अवघड प्रश्न म्हणजे ती जमीन कोणाची? पश्चिमेच्या पट्ट्यात प्रामुख्यानं महादेव कोळी आणि इतर आदिवासी राहतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी मंजुरीशिवाय घेता येत नाही. 'दुसऱ्याच्या नावावर करून देतो' असं सांगणारा दलाल भेटला तर आपण ठाम नकार द्यायचा. आपल्याला हक्काचं छप्पर हवं, म्हणून दुसऱ्या बाईच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची नाही.

आणि तिच्या पायाखालची जमीन तरी तिची कुठे आहे? याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पेरणी, लावणी, निंदणी, बियाणं राखणं हे सगळं गावोगावच्या बायका करतात. सातबाऱ्यावर नाव मात्र बहुतेक घरांत पुरुषाचं. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, त्यामुळे २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना मिळालेला समान हक्क आदिवासी बहिणींना त्या वाटेनं मिळत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं निदान पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा, असं सांगितलं आहे.

मग मी तिघींना विचारलं, 'तुमच्यापैकी सातबारा कोणाच्या नावावर आहे?' कारण आपल्या राज्यात शेतजमीन विकत घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. कूळकायद्याचं कलम ६३ तसं सांगतं. दोघी गप्प. तिसरी हळूच म्हणाली, 'वडील गेल्यावर भावानं सही मागितली. हक्कसोड पत्र होतं. माहेर तुटायला नको, म्हणून केली.' कायद्यानं तिला भावाइतकाच हिस्सा होता. एका सहीनं तो गेला आणि शेतकरी म्हणून उभं राहण्याचा सरळ कागदही गेला. आता ती दोन एकरांसाठी साठवलेल्या पैशांची जुळवाजुळव करते आहे. माहेर तरी कितीसं उरलं, हे मी विचारलं नाही.

तेव्हा अकोले तालुका चांगला की वाईट, याचं एका शब्दात उत्तर मी दिलं नाही. तिथे राहायचंच असेल तर आधी एखादा उन्हाळा काढा, बिगर-आदिवासी मालकाची जमीन खंडानं कसून बघा, गावातल्या बायकांच्या बचत गटात बसा, असं सुचवलं. त्याहून आधी आपापल्या वडिलांच्या गावचा सातबारा आणि फेरफार काढा. आता तो संगणकावर घरबसल्या बघता येतो. ज्या दोघींनी सही केलेली नाही, त्यांनी वारसनोंदीसाठी अर्ज करावा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मानं आहे. २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही.

लांबची जमीन शोधताना घरची जमीन आपण किती सहज सोडून देतो! तुमच्या गटात किती जणींनी हक्कसोडावर सही केली? का केली? आणि कोणी नाही म्हटलं असेल, तर पुढे काय झालं? मोकळेपणानं लिहा. पुढच्या अंकात त्यावरच बोलू.